नर्मदा परिक्रमा पायी: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालत राहायचे आणि ती कुठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा मूळ नियम आहे. बाकीचे बहुतेक नियम, सोयी आणि अडचणी या एका नियमातून निघतात. मध्य प्रदेशातील अमरकंटक येथे उगम पावून विंध्य आणि सातपुडा यांच्या मधल्या खचदरीतून पश्चिमेकडे वाहणारी ही नदी १३१२ किलोमीटरचा प्रवास करून भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. परिक्रमावासी एका तटाने समुद्रापर्यंत उतरतो, समुद्राच्या मुखाशी नावेने पलीकडे जातो, दुसऱ्या तटाने उगमापर्यंत चढतो आणि उगमाला वळसा घालून पुन्हा निघाल्या ठिकाणी येतो. नदीच्या लांबीची दुप्पट केली तर अंतर २६०० किलोमीटरच्या आसपास भरते, परंतु धरणांचे जलाशय, डोंगर आणि उपनद्या यांना वळसे घालताना प्रत्यक्ष चाल त्याहून बरीच जास्त होते.

महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने लोक या वाटेला लागतात आणि त्यांतील पुष्कळांची तयारी एखाद्या लांबलचक ट्रेकची असते: सगळे सामान जवळ, रोजचे मुक्काम आखलेले, परतीचे आरक्षण झालेले. ही तयारी चुकीच्या दिशेची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या वाटेवरचा माणूस शेकडो अनोळखी घरांच्या, आश्रमांच्या आणि अन्नक्षेत्रांच्या आधारावर चालतो. त्यामुळे पाय मजबूत हवेत, ओझे कमी हवे आणि पाहुणा म्हणून वागण्याची रीत अंगवळणी पडलेली हवी. नवख्याने याच क्रमाने तयारीला लागावे.

केव्हा निघावे, कुठून निघावे

परंपरेने परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची मानली जाते आणि तिच्यात प्रत्येक चातुर्मासात एका जागी थांबणे गृहीत आहे. आजचे बहुतेक गृहस्थ चातुर्मास संपल्यावर, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीनंतर निघतात आणि चार ते सहा महिन्यांत परिक्रमा पुरी करतात. पंढरपूरची कार्तिकी वारी ज्या दिवशी असते, त्याच दिवसापासून नर्मदेची वाट मोकळी होते, असे आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुरे. दिवसाला सरासरी २० ते २५ किलोमीटर चाल धरा आणि त्यात दर आठ-दहा दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा सोडा. याहून वेगाने चालून परिक्रमा लवकर संपवण्यात काही विशेष साधत नाही. गुडघे मात्र जातात.

परिक्रमा कोणत्याही ठिकाणाहून उचलता येते, अट एवढीच की जिथे उचलली तिथेच ती पूर्ण करावी. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ओंकारेश्वर सर्वांत सोयीचे पडते, कारण मुंबई-इटारसी मार्गावरच्या खंडवा स्थानकावर उतरले की पुढचा प्रवास बसने होतो. तेथे शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचा भक्तनिवास आहे, त्यामुळे पहिल्या एक-दोन रात्रींची चिंता राहत नाही आणि तिथेच अनुभवी मराठी परिक्रमावासी भेटतात. अमरकंटकहून निघायचे असेल तर पेंड्रा रोड स्थानक जवळचे आहे. पण थंडीच्या तोंडावर थेट डोंगरात सुरुवात करण्यापेक्षा निमाडच्या, म्हणजे ओंकारेश्वर-बडवानी भागातल्या, सपाटीवर पाय रुळू देणे नवख्याला अधिक मानवते.

ओंकारेश्वरला एक गोष्ट आधी समजून घ्यावी. ज्योतिर्लिंगाचे मंदिर मांधाता बेटावर आहे, म्हणजे तिथे जाण्यासाठी नदीचा प्रवाह ओलांडावा लागतो. म्हणून परिक्रमेचा संकल्प करण्यापूर्वी दर्शन उरकून घ्यावे. एकदा परिक्रमा उचलली की ती पूर्ण होईपर्यंत बेटावर जाता येत नाही. दक्षिण तटावरचे ममलेश्वर मात्र वाटेतच आहे.

आधी एक छोटी परिक्रमा

ज्यांनी सलग तीन-चार दिवस कधी पायी प्रवास केलेला नाही, त्यांनी थेट मोठ्या परिक्रमेला निघू नये. गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात तिलकवाडा आणि रामपुरा यांच्या दरम्यान नदी काही अंतर उत्तरेकडे वाहते आणि चैत्र महिन्यात या पट्ट्याची उत्तरवाहिनी परिक्रमा केली जाते. ती सुमारे २० किलोमीटरची असून एका दिवसात होते. इथे नावेने किंवा तात्पुरत्या पुलावरून नदी दोनदा ओलांडावी लागते, त्यामुळे तिला मोठ्या परिक्रमेचे नियम तंतोतंत लागू होत नाहीत. परंतु आपला बूट कुठे चावतो, आपल्याला किती पाणी लागते, उन्हात डोके दुखते का आणि भल्या पहाटे उठून चालणे जमते का, हे सारे तिथे एका दिवसात कळते. चैत्रातले ऊन कडक असल्याने बहुतेक लोक रात्री किंवा पहाटे तीन-चारच्या सुमारास निघतात. सुट्टीच्या दिवशी नावांसाठी मोठी रांग लागते, म्हणून शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस निवडावा.

मोठ्या परिक्रमेच्या तीन महिने आधीपासून रोज किमान आठ-दहा किलोमीटर चालण्याची सवय ठेवावी आणि शेवटच्या महिन्यात पाठीवर भरलेली सॅक घेऊनच चालावे. मोकळ्या हाताने केलेल्या सरावाचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी स्पष्ट बोलून औषधे किमान महिन्याभराची सोबत घ्यावीत आणि त्यांच्या चिठ्ठीची एक प्रत ठेवावी. पुढची औषधे बडवानी, भरूच, जबलपूर अशा मोठ्या गावांत मिळतात. मधल्या खेड्यांत मिळतीलच असे नाही.

सामान

सॅकचे वजन पाण्यासह सहा-सात किलोच्या पुढे जाऊ देऊ नये. कपड्यांचे दोन जोड, तेही लवकर वाळणारे. परंपरेने पांढरे वस्त्र वापरतात आणि ते वापरल्यास दुरूनच परिक्रमावासी म्हणून ओळख पटते, हा त्याचा व्यावहारिक फायदाही आहे. एक पंचा, एक हलकी चटई, एक शाल किंवा पातळ स्लीपिंग बॅग, स्वेटर आणि कानटोपी. निमाडात नोव्हेंबरमध्ये स्वेटरचे ओझे वाटते, पण जानेवारीत नदीकाठच्या उघड्या धर्मशाळेत रात्र काढताना त्याची किंमत कळते. एक ताट-वाटी, एक तांब्या किंवा कमंडलू, चाकू, काडेपेटी, विजेरी, सुईदोरा, कपडे वाळत घालायला दहा फूट दोरी, मच्छर पळवणारे मलम, ओआरएसची पाकिटे आणि नेहमीची औषधे. सुट्या नोटा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात, कारण मोबाइलवरून पैसे देण्याची सोय गावोगाव पोहोचली असली तरी नेटवर्क सगळीकडे पोहोचलेले नाही.

काठी मात्र अवश्य घ्यावी. तिला दंड म्हणतात आणि तिला धार्मिक अर्थ आहेच. शिवाय उपनद्यांतून जाताना तळ चाचपायला, चिखलाच्या उतारावर तोल सांभाळायला आणि गावाच्या वेशीवरच्या कुत्र्यांना अंतरावर ठेवायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. काठी कुत्र्यावर उगारू नये, नुसती जमिनीवर टेकत सरळ चालत राहावे.

अनेक जण वाटेतल्या मुलांना वाटायला गोळ्या-चॉकलेटांच्या पिशव्या भरून नेतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम वाईट झाला आहे: कित्येक गावांत परिक्रमावासी दिसला की मुले हात पसरून धावत येतात आणि वाटेवर रंगीत कागदांचा खच पडतो. द्यायचेच असेल तर वह्या-पेन्सिली गावातल्या शाळेच्या शिक्षकांच्या हाती द्याव्यात.

पाय

परिक्रमा अर्ध्यावर सुटण्याचे पहिले कारण पायाला आलेले फोड हेच असते, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच येतात. अनवाणी चालण्याचे व्रत काही जण घेतात. ज्याला लहानपणापासून सवय नाही त्याने ते घेऊ नये, कारण झाडीतले खडे, शेताच्या बांधावरचे काटे आणि उन्हाळ्यातला तापलेला डांबरी रस्ता यांपुढे नुसती श्रद्धा टिकत नाही. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक अंक मोठे घ्यावेत, कारण सलग चालल्याने पाय सुजतात. ते निघण्यापूर्वी किमान दीडशे-दोनशे किलोमीटर वापरलेले असावेत. सोबत एक हलकी पट्ट्याची चप्पल असू द्यावी, जी पाण्यातून जाताना आणि मुक्कामी वापरता येते.

टाचेला किंवा बोटाला कुठे गरम लागल्यासारखे वाटले की त्याच क्षणी थांबावे. पुढच्या गावापर्यंत रेटू नये. बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर कोरडे होऊ द्यावेत, त्या जागी चिकटपट्टी लावावी आणि मोजे बदलावेत. फोड आलाच तर तो लहान असताना फोडू नये. मोठा असून चालताना दुखत असेल तर सुई उकळत्या पाण्यात किंवा ज्योतीवर निर्जंतुक करून फोडाच्या कडेला बारीक छिद्र करावे, पाणी हळूच दाबून काढावे, वरची कातडी तशीच राहू द्यावी, जंतुनाशक मलम लावून पट्टी बांधावी. रात्री झोपताना पट्टी काढून पाय उघडे ठेवले तर जखम लवकर सुकते. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करण्याचा आळस करू नये, कारण ओल्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या फोडांपेक्षा अधिक दिवस त्रास देतात.

संकल्प आणि कागद

आधार कार्ड, त्याच्या काही झेरॉक्स प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ ठेवावेत. आपण परिक्रमावासी आहोत असे पत्र निघण्याच्या ठिकाणच्या नगर परिषदेकडून, ग्रामपंचायतीकडून किंवा आश्रमाकडून घ्यावे. मुक्कामाला जागा मागताना आणि समुद्र ओलांडताना नावे नोंदवताना ते दाखवावे लागते. एक वही ठेवण्याची पद्धत आहे, जिच्यात प्रत्येक मुक्कामी आश्रमाचा शिक्का आणि तारीख घेतात.

ओंकारेश्वरी गोमुख घाटावर स्नान, मुंडन, कन्यापूजन आणि संकल्प होतो. पुरोहित एका छोट्या कुपीत नर्मदेचे जल भरून देतात. ही कुपी शेवटपर्यंत जवळ बाळगायची असते आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिची पूजा व आरती करायची असते, म्हणून ती काचेची नसावी व तिचे बूच घट्ट असावे. विधीचा खर्च आधी विचारून ठरवून घ्यावा.

दिवस कसा जातो

पहाटे पाचच्या सुमारास उठून स्नान-पूजा आटोपून उजाडता उजाडता निघावे. ऊन चढेपर्यंत दिवसाची निम्म्याहून अधिक चाल होऊन जाते. दुपारी जिथे भोजन मिळेल तिथे थांबावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. अंधार पडल्यावर चालायचे नाही, हा नियम परंपरेचाही आहे आणि शहाणपणाचाही. वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘नर्मदे हर’ म्हणतो, आपणही तेच म्हणायचे. रस्ता चुकलात तर बहुधा शेतात काम करणारा कुणीतरी लांबूनच हाक मारून वाट दाखवतो. त्यामुळे मोबाइलच्या नकाशापेक्षा माणसांवर भरवसा ठेवणे बरे. नकाशा जवळचा पूल सुचवतो, आणि पूल तर आपल्याला चालत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर सॅक ओट्याखाली उतरवून ‘नर्मदे हर’ म्हणावे आणि बोलावण्याची वाट पाहावी. आतून पहिला प्रश्न येतो, “कितने मूर्ती हैं?” परिक्रमावासींची मोजणी माणसांत होत नाही, मूर्तींत होते, उत्तर ‘दोन मूर्ती’ असे द्यावे. मग आसन कुठे लावायचे ते दाखवतात. दाखवलेल्या जागीच चटई अंथरावी, पंख्याखालची जागा मागू नये. काही ठिकाणी शिजवलेले भोजन मिळते. काही ठिकाणी सदाव्रत देतात, म्हणजे ओंजळी-ओंजळीने मोजलेले पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची आणि थोडे तेल, आणि सोबत चुलीकडे बोट दाखवतात. तेव्हा स्वतः टिक्कड थापता येणे गरजेचे असते: पीठ घट्ट मळून जाडसर भाकरीएवढी पोळी तव्यावर किंवा थेट निखाऱ्यावर भाजायची. निघण्यापूर्वी घरी हे दोन-चारदा करून पाहावे. सकाळच्या नाश्त्याला बालभोग म्हणतात, चहालाही प्रसादी म्हणतात, आणि त्याला नाही म्हणणे यजमानाला लागते; पोट भरलेले असेल तर अर्धा कप घ्यावा, पण घ्यावा.

लागेल तेवढेच घ्यावे आणि उद्यासाठी साठवू नये. ताट आपले आपण घासावे, झोपलेली जागा झाडून मगच निघावे, दानपेटीत ऐपतीप्रमाणे काही टाकावे. पुष्कळ ठिकाणी घर चालवणाऱ्याची परिस्थिती आपल्याहून हलाखीची असते, आणि तरीही तो पैसे हातात घेत नाही. अशा वेळी पुढच्या माणसासाठी किलोभर डाळ किंवा तेलाची पिशवी गावातल्या दुकानातून आणून ठेवली तर ती स्वीकारली जाते. अन्नाच्या चवीबद्दल, स्वच्छतागृहाबद्दल किंवा डासांबद्दल तक्रार मोठ्याने बोलू नये. मराठी न समजणाऱ्या माणसाला तक्रारीचा सूर चांगला समजतो.

स्त्रियांनी शक्यतो दोन-तीन जणींच्या किंवा ओळखीच्या जोडप्यांच्या सोबतीने चालावे. वाटेत त्यांना ‘माताराम’ म्हणून हाक मारतात आणि बहुतेक ठिकाणी झोपण्याची वेगळी सोय करतात. शौचालयाची अडचण काही टप्प्यांत खरी आहे, म्हणून मुक्काम दिवसाउजेडी गाठणे त्यांच्यासाठी अधिकच महत्त्वाचे ठरते. मासिक पाळीच्या दिवसांत कुठे कुठे देवघरापासून वेगळे बसायला सांगतात. त्या दिवसांत विश्रांती घ्यायची असेल तर मोठ्या गावातली धर्मशाळा बरी.

दक्षिण तट: निमाड ते झाडी

ओंकारेश्वरहून पश्चिमेकडे निघाल्यावर पहिले काही दिवस सपाट शेतांमधून, कापूस आणि गव्हाच्या बांधांवरून जातात. रावेरखेडी येथे पहिल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी याच काठावर त्यांचे निधन झाले. मराठी माणसाने तिथे थोडे थांबावे, आणि बहुतेक जण थांबतातच. पुढे तेली भट्यान येथे सियाराम बाबांचा आश्रम लागतो. दहा रुपयांपेक्षा अधिक दक्षिणा न घेणारे हे बाबा डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. बडवानीजवळचा राजघाट गाठेपर्यंत पाय बऱ्यापैकी तयार होतात, आणि ते तयार असावेच लागतात.

राजघाटापासून गोरा येथपर्यंतच्या सातपुड्याच्या पट्ट्याला शूलपाणीची झाडी म्हणतात. इथे परिक्रमावासींना अंगावरच्या वस्त्रांसकट लुटले जाई, अशी जुनी वर्णने आहेत, आणि लुटणाऱ्या भिल्लांना ‘मामा’ म्हणण्याची रीत त्यातूनच आली. आज परिस्थिती पालटली आहे आणि याच वस्त्यांमध्ये परिक्रमावासींना जेवू घातले जाते. अडचण आहे ती चढ-उतारांची, पाण्याच्या टंचाईची आणि मोबाइलला नेटवर्क नसण्याची. हा टप्पा साधारण आठवड्याभराचा आहे. झाडीत एकट्याने शिरू नये, राजघाटावर थांबून तीन-चार जणांची सोबत जमवावी, घरी तसे कळवून ठेवावे, दोन वेळचा शिधा आणि किमान दोन लिटर पाणी जवळ ठेवावे आणि दुपारी तीननंतर पुढच्या वस्तीसाठी निघू नये. या वाटेचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातून जातो. नर्मदा महाराष्ट्राला जेमतेम ५४ किलोमीटर शिवते, आणि तीही सीमा म्हणूनच. पण सरदार सरोवराच्या पाण्यात या जिल्ह्याची ३३ गावे गेली. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही त्याच पाण्याखाली आहे, आणि नवे मंदिर गोऱ्याला बांधले आहे. ज्या कुटुंबांनी जमिनी गमावल्या त्यांच्याच अंगणात आपण आसन लावतो, हे ध्यानात ठेवून बोलावे.

ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा सोबत मिळत नाही, त्यांच्यासाठी खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, देडियापाडा असा रस्त्याचा मार्ग आहे. तो नदीपासून दूर आणि लांबचा आहे, वाहनांची वर्दळ आहे, परंतु मुक्कामांची सोय निश्चित आहे. हा मार्ग घेतल्याने परिक्रमा उणी ठरते असे कुणी म्हणाले तर त्याच्याशी वाद घालू नये आणि मनावरही घेऊ नये.

समुद्र

दक्षिण तटाचा शेवट भरूच जिल्ह्यातल्या हांसोट तालुक्यात होतो. विमलेश्वर परिसरातून नाव पकडून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला उतरायचे असते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते आणि भरतीची वेळ रोज पुढे सरकते. म्हणून कधी पहाटे, कधी मध्यरात्री हाक येते. आदल्या दिवशी पोहोचून नाव नोंदवावे. हवा बिघडली किंवा गर्दी झाली तर दोन-तीन दिवस थांबावे लागते, तेवढी मोकळीक हिशेबात धरावी. प्रवास काही तासांचा असतो. चढता-उतरताना गुडघाभर चिखल लागू शकतो, त्यामुळे बूट सॅकला बांधून चप्पल किंवा अनवाणी पायाने जावे. ओळखपत्र, मोबाइल आणि पैसे प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंगावर ठेवावेत. लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय आणि ते बांधल्याशिवाय बसू नये. नाव जास्त भरली आहे असे वाटले तर पुढच्या भरतीपर्यंत थांबावे.

पाणी

मोठी धरणे झाल्यापासून जुनी काठाची वाट अनेक ठिकाणी उरलेली नाही. जबलपूरच्या वर बरगी, खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर, मग ओंकारेश्वर आणि गुजरातेत सरदार सरोवर, या जलाशयांपाशी वाट काठ सोडून आत शिरते आणि कधी कधी दिवस-दिवस नदी दिसतही नाही. जुन्या वर्णनांवर विसंबून काठाने जाण्याचा हट्ट धरू नये. आदल्या मुक्कामीच पुढच्या दोन दिवसांची वाट विचारून लिहून घ्यावी.

धरणाच्या खालच्या बाजूला स्नान करताना विशेष सावध राहावे. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की कोरडे दिसणारे खडक थोड्याच वेळात बुडतात. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजी येथे धरणातून सोडलेल्या पाण्यात स्नानासाठी जमलेले अनेक भाविक वाहून गेले. भोंगा वाजला की सामान सोडून वर यावे. नदीच्या मध्यावरच्या खडकावर बसून जप करू नये. सरदार सरोवराच्या परिसरात मगरी आहेत. स्थानिक लोक जिथे उतरतात तिथेच, तांब्याने स्नान करावे. तसेही परिक्रमेत खोल पाण्यात डुबकी मारू नये आणि नदीत साबण वापरू नये असाच दंडक आहे. पिण्यासाठी हातपंपाचे किंवा आश्रमातले पाणी घ्यावे. नर्मदामैयाचे जल आचमनापुरते घेणे श्रद्धेचा भाग आहे, पण जबलपूर किंवा नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) यांसारख्या शहरांच्या खालच्या बाजूला बाटल्या भरून पिणे पोटाला महागात पडते.

उपनद्या ओलांडायला हरकत नसते. दक्षिण तटावर तवा सर्वांत मोठी. चातुर्मासानंतरच्या पहिल्या महिन्यात पाणी बरेच असते, तेव्हा उतार, म्हणजे पायी पार होण्याजोगी जागा, कुठे आहे ते स्थानिकाला विचारूनच पाऊल टाकावे.

उत्तर तट आणि अमरकंटक

मिठी तलाईपासून भरूच, शुक्लतीर्थ, नारेश्वर, चांदोद या टप्प्यात आश्रम जवळजवळ आहेत आणि चाल सोपी आहे. रंगावधूत महाराजांच्या नारेश्वरी आणि गरुडेश्वरी मराठी बोलणारे पुष्कळ भेटतात. गरुडेश्वर येथे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांची समाधी आहे. सिंधुदुर्गातल्या माणगावी १८५४ मध्ये जन्मलेल्या स्वामींनी १९१४ मध्ये इथे देह ठेवला. ओंकारेश्वरहून निघालेल्याने एक दिवसाची विश्रांती घ्यायला ही जागा उत्तम आहे, कारण पुढे पुन्हा डोंगराळ भिल्ल प्रदेश लागतो आणि मग महेश्वरपर्यंत मोठे गाव कमी. महेश्वरी अहिल्याबाईंच्या घाटाच्या पायऱ्यांवर एक संध्याकाळ बसण्याची मुभा स्वतःला द्यावी. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. त्या दिवशी कोणत्याही घाटावर असलात तरी भंडारा असतो, मात्र मुक्कामाची जागा दुपारीच धरावी.

नेमावर आणि समोरचे हंडिया हे नदीचे नाभिस्थान, म्हणजे मध्य, मानले जाते. त्यानंतर भेडाघाट, जबलपूर आणि मग अमरकंटकची चढण येते. अमरकंटकला माई की बगियाच्या बाजूने उगमाला वळसा घालून दक्षिण तटावर यायचे असते. कुठला ओढा नर्मदेचा आणि कुठला नाही, हे नवख्याला कळत नाही, म्हणून तिथल्या आश्रमातल्या माणसाला सोबत घेऊन वळसा पूर्ण करावा.

कार्तिकात निघालेला माणूस अमरकंटकहून खाली उतरतो तेव्हा ऊन तापू लागलेले असते, आणि नरसिंहपूर, नर्मदापुरम, हरदा हा शेवटचा पट्टा उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जातो. इथे दिवसाचा क्रम बदलावा: पहाटे चारला निघून दहा वाजता थांबावे, दुपार सावलीत काढावी, संध्याकाळी तासभर चालावे. डोक्याला ओला पंचा आणि खिशात कांदा किंवा गूळ ठेवण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. त्याच्या जोडीला ओआरएस घ्यावे. लघवी गडद पिवळी झाली की त्या दिवशी पुढे जाऊ नये.

पूर्ण झाल्यावर

निघाल्या घाटावर परत आल्यावर पूजन होते, कन्याभोजन घालतात आणि शिऱ्याचा प्रसाद करतात, त्याला कढाई म्हणतात. मग पुलावरून बेटावर जाऊन कुपीतले जल ओंकारेश्वराला अर्पण करायचे असते. दुसऱ्या ठिकाणाहून परिक्रमा उचललेल्यांनीही परिक्रमा पूर्ण झाल्यावर ओंकारेश्वरी येऊन हेच करावयाचे. परतीच्या गाडीचे आरक्षण मात्र नर्मदापुरम ओलांडेपर्यंत करू नये. तारीख ठरली की माणूस शेवटचे दीडशे किलोमीटर घड्याळाकडे पाहत चालतो, आणि त्याच उन्हात, त्याच घाईत पाय मुरगळतात. हरद्याच्या आसपास आल्यावर खंडव्याहून निघणारी गाडी पाहावी, आणि ती दोन दिवस उशिराची धरावी.